सशाची पारख

सशाला आपण भित्रा म्हणतों, आणि बालबोध गोष्टींत क्वचित् चतुरहि म्हणतों. पण माणसाच्या शरीरांतील एखादें प्रथिन नेमकें हुडकून काढण्याच्या कामीं हा प्राणी किती उपयोगी पडतो, हें फारसें कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. आम्हांस तें डोणगांवच्या आमच्या मावशीच्या दुखण्यामुळें कळलें.

मावशीच्या स्तनांत गांठ निघाली. अशा गांठीच्या पेशींत इस्ट्रोजेन-ग्राहक नांवाचें प्रथिन आहे कीं नाहीं, हें पाहावें लागतें. असल्यास टॅमॉक्सिफेनसारखी साधी गोळी वर्षानुवर्षें पाठराखण करते. नसल्यास ती निरुपयोगी. या शोधासाठीं पुष्कळ ठिकाणीं सशाचें मोनोक्लोनल, म्हणजे एकाच पेशीच्या वंशांतलें, प्रतिपिंड वापरतात. अहवालांत तसा उल्लेख होता. तो आम्हीं वाचून दाखविला, तेव्हां मावशी म्हणाली, “काहून रे बापू, माह्या गाठीत ससा कुठून आला?”

आमच्या वऱ्हाडांत तुरीच्या तासांतून उडी मारून जातो तो ससा हा नव्हे. प्रयोगशाळेंतला ससा युरोपांतील निराळ्या जातीचा. त्याला मानवी प्रथिनाचा अंश टोंचला म्हणजे त्याचें शरीर त्या परक्या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडें तयार करतें. १९०१ सालीं जर्मनींत उलेनहुट यानें याच गुणाच्या जोरावर वाळलेला रक्ताचा डाग माणसाचा कीं जनावराचा, हें ओळखून दाखविलें. स्वतःच्या प्रथिनांविरुद्ध शरीर सहसा उठत नाहीं. म्हणून आपल्या प्रथिनाचा पारखी आपल्याबाहेरच शोधावा लागतो.

परंतु सशाच्या रक्तरसांत नाना पेशींचीं नाना प्रतिपिंडें मिसळलेलीं असतात, आणि ससा मेला कीं तो सांठाहि संपला. १९७५ सालीं केंब्रिज येथें कोहलर व मिल्स्टाइन यांनीं उंदराची प्रतिपिंड करणारी पेशी कर्कपेशीशीं जोडून तिचा अखंड वाढणारा वंश निर्माण केला. सशाच्या पेशीला मात्र तसा जोडीदार मिळेना. शिकागोकडील कॅथरिन नाइट यांच्या प्रयोगशाळेनें तो १९९५ सालीं मिळवून दिला. वीस वर्षें, एका सशापायीं!

प्रत्यक्ष परीक्षा पाहण्याजोगी असते. मेणांत बसविलेल्या गांठीची केसाहून पातळ चकती कांचेवर घेऊन तीवर प्रतिपिंड सोडतात. तें चिकटेल तेथें पुढें रंग चढतो आणि पेशींचीं केंद्रें तपकिरी दिसतात. कर्कपेशींचीं शेंकडा एक केंद्रें रंगलीं तरी अहवाल होकारार्थी धरतात.

मात्र पारखी कितीहि निष्णात असो, माल त्याच्यापर्यंत धड पोंचला पाहिजे. काढलेली गांठ तासाभराच्या आंत फॉर्मॅलिनमध्यें पडावी लागते. मावशीची गांठ एका ठिकाणीं दुपारभर नुसत्या सलाइनच्या बाटलींत राहिली होती, आणि आमच्या हातीं आलेला तो पहिला अहवाल नकारार्थी होता. पुढें मोठ्या शस्त्रक्रियेंत काखेंतल्या गांठी निघाल्या. त्या व्यवस्थित पाठविल्या, तेव्हां केंद्रें स्वच्छ तपकिरी दिसलीं. मधले सात आठवडे गोळीवांचून गेले.

टॅमॉक्सिफेनची डबी आतां देवळींत, कुंकवाच्या करंड्याशेजारीं असते.