बरं झालं, आत टाकलं

मोबाइलवरच्या बातमीवर मत बनवायला हार्बर लाईनच्या प्रवाशाला जुईनगर ते सानपाडा एवढं अंतरही पुष्कळ होतं. कोणीतरी कोणाबद्दल काहीतरी लिहिलेलं असतं, कोणाच्या तरी भावना दुखावलेल्या असतात आणि पोलिसांनी उचललेलं असतं. वाचणारा मान वर करून म्हणतो, "बरं झालं, आत टाकलं." शेजारचा दुसऱ्या पक्षाचा असेल तर म्हणतो, "एवढ्यासाठी?" पुढच्या महिन्यात लिहिणारा उलट बाजूचा निघाला की हीच दोन वाक्यं तोंडं बदलतात. यातलं राजकारण मला आता फारसं खटकत नाही, ते असायचंच. खटकतं ते वेगळंच. लिहिलेलं चूक की बरोबर, यावर वाशीपर्यंत भांडण चालतं. किती चूक, आणि तेवढ्या चुकीला किती शिक्षा, हे कोणी विचारत नाही.

आमच्याकडची कळंबोली लोखंड बाजार आणि ट्रकांच्या रांगांसाठी ओळखली जाते. मे २०२२ मध्ये ती वेगळ्याच कारणाने टीव्हीवर झळकली. अभिनेत्री केतकी चितळे हिने शरद पवारांवरची एक कविता फेसबुकवर टाकली होती. कविता तिची नव्हती, दुसऱ्या कोणाची होती. वाचून मला किळस आली होती, आणि ती भाषा हीन होती हे माझं मत आजही कायम आहे. १४ मे रोजी ठाणे पोलिसांनी तिला कळंबोलीतून ताब्यात घेतलं. पोलीस ठाण्याबाहेर राष्ट्रवादीच्या कार्यकर्त्यांनी तिच्यावर शाई आणि अंडी फेकली. राज्यभरात वीसहून जास्त गुन्हे नोंदले गेले. रबाळे पोलिसांकडे २०२० सालच्या एका पोस्टवरून ॲट्रॉसिटीचा जुना गुन्हा होता, तोही बाहेर निघाला आणि त्यातही अटक झाली. खुद्द पवारांनी सांगितलं की आपण या बाईंना ओळखत नाही आणि त्यांनी काय लिहिलंय तेही आपल्याला माहीत नाही. जूनच्या मध्यावर एका गुन्ह्यात जामीन झाला, २२ जूनला दुसऱ्यात. चाळीसएक दिवस ती आत होती.

रबाळ्याचं नाव आलं म्हणून सांगतो. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात पूर्वी रसायनांचे कारखाने होते, आता खिडक्या नसलेल्या मोठाल्या इमारतींची डेटा सेंटर आहेत. साठवलेलं काही विसरू न देण्याचा धंदा रबाळ्यात चालतो, आणि दोन वर्षांपूर्वीची पोस्ट उकरून काढणारा गुन्हाही रबाळ्यातच होता. योगायोग आहे, त्याहून जास्त काही नाही.

तर चाळीस दिवस. कवितेच्या गुन्ह्यात लावलेल्या कलमांपैकी बदनामीचं कलम घ्या, नाहीतर समाजात तेढ निर्माण केल्याची कलमं घ्या, सोशल मीडियावरच्या पोस्टसाठी त्यांची कमाल शिक्षा तीन वर्षांपुढे जात नव्हती. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नका, आधी नोटीस देऊन बोलवा, असं सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार खटल्यात २०१४ सालीच सांगून ठेवलं आहे. नोटीस आली असती, बाई वकिलाला घेऊन ठाण्याला गेल्या असत्या, जबाब झाला असता आणि प्रकरण कोर्टात उभं राहिलं असतं. पण "नोटीस दिली" ही बातमी ऐकून डब्यात कोणाचंच समाधान होत नाही. टाळी पडते ती अटकेला.

त्याच महिन्यात औषधनिर्माणशास्त्राचा एक विद्यार्थी एका ट्वीटपायी आत गेला आणि महिनाभराहून जास्त राहिला. त्यात कोणाचं नावही नव्हतं. उच्च न्यायालयाने सरकारला सुनावलं, त्याचा मथितार्थ असा: पद्मविभूषण मिळालेल्या पवारांना एका विद्यार्थ्याला असं तुरुंगात ठेवलेलं आवडणार नाही, आणि अशा कारवाईने त्यांच्याच नावाला कमीपणा येतो. मोठ्या माणसाचा मोठेपणा न्यायमूर्तींनी कार्यकर्त्यांपेक्षा जास्त ओळखला होता, असं मला तेव्हा वाटलं.

हे सगळं पवारांच्याच पक्षाच्या माथी मारून मोकळं व्हायचं असेल तर दहा वर्षं मागे जावं लागेल. बाळासाहेब ठाकरे गेले तो नोव्हेंबर २०१२. पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर बंदबद्दल चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या लाईक केल्या. दोघींना अटक झाली, आणि लिहिणारीच्या काकांचा दवाखाना फोडला गेला. अटकेत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ होतं: त्रास होईल, गैरसोय होईल असं काही पाठवलं तर तीन वर्षं. गैरसोय! सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सहा वाजता सुप्रभात पाठवणाऱ्या निम्म्या नवी मुंबईला या व्याख्येत बसवता आलं असतं. जामीन त्याच दिवशी झाला आणि पुढे प्रकरण बंद झालं. श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २४ मार्च २०१५ रोजी ते कलमच रद्द झालं. तरी देशभरातली पोलीस ठाणी ते लावत राहिली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला याचा धक्का बसला, आणि २०२२ मध्ये पुन्हा बजावावं लागलं की हे कलम आता लावू नका. कायद्याच्या पुस्तकातून खोडलेली ओळ ठाण्यातल्या फॉर्ममधून जायला इतका वेळ लागतो.

इथे एक जुना हिशोब आठवतो. 'केसरी'तल्या लेखांबद्दल लोकमान्य टिळकांना २४ जून १९०८ रोजी अटक झाली, आणि २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा ठोठावली गेली. न्यायमूर्ती दिनशा दावर. याच दावरांनी १८९७ च्या खटल्यात वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी खटपट केली होती. आता न्यायासनावरून त्यांनी टिळकांचा जामीन नाकारला, आणि तो मागायला उभे होते बॅरिस्टर जिना. ज्यूरीतले सात दोषी म्हणाले, दोघे नाही म्हणाले. खटला अन्यायाचा होता, ज्यूरीत गोरेच जास्त होते, शिक्षा क्रूर होती. इंग्रजांच्या न्यायाचे गोडवे गायचे नाहीत मला. पण अटकेपासून निकालापर्यंत महिनाही लागला नाही. माणूस मंडालेला गेला तो शिक्षा झाली म्हणून गेला. चितळे प्रकरणात त्याहून जास्त दिवस नुसत्या जामिनाला लागले.

निकाल लागायला वर्षं जातात हे आपल्याला आता इतकं अंगवळणी पडलं आहे की निकालाची वाट बघणंच आपण सोडून दिलंय. अटक हीच शिक्षा आणि जामीन हीच निर्दोष सुटका, असा नवा कायदा आपण आपल्यापुरता करून टाकला आहे. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीने दोन तरुण जीव घेतले. बाल न्याय मंडळाने अल्पवयीन चालकाला जामीन देताना अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायची अट घातली, आणि महाराष्ट्र पेटला. दोन माणसं मारल्याची शिक्षा निबंध? संताप माझाही झाला. पण निबंध ही शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती, आणि खटला पुढे उभाच होता. हे सांगायला गेलो तर माझ्याच घरात मला त्या मुलाचा वकील ठरवण्यात आलं. त्यांचंही एका अर्थी बरोबरच होतं. जे काही व्हायचं ते सुरुवातीच्या दिवसांतच होतं, हे अनुभवाने शिकलेली माणसं आहेत ती. म्हणून कवितेला चाळीस दिवस झाले तर "हिशोब चुकता झाला", आणि अपघाताला निबंध दिला तर "हिशोब बुडाला".

"शब्दच आहेत, शब्दांनी काय होतं," असं म्हणणाऱ्यांतलाही मी नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवड्याचा बाजार भरला होता. पोरं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज आधीपासून मोबाइलवर फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच भिक्षेकरी तिथे आले. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. पोटासाठी मुलूख फिरणारी माणसं, मूळची मंगळवेढ्याकडची. व्हॉट्सॲपने त्यानंतर भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवायची मर्यादा घातली. मारणाऱ्यांना काय शिक्षा असावी हे सांगायला विद्वान लागत नाही. पण ज्याने आपल्या मोबाइलवरून तो मेसेज भाबडेपणाने पुढे ढकलला, त्याला किती? आणि ज्याने मुद्दाम दुसरीकडचा व्हिडिओ जोडून तो बनवला, त्याला किती? या दोघांना एका पारड्यात घालता येणार नाही, आणि त्या दोघांपैकी एकालाही फेसबुकवरच्या हीन कवितेच्या पारड्यात घालता येणार नाही. श्रेया सिंघल निकालात न्यायालयाने हाच फरक केला होता: चर्चा करणं वेगळं, एखाद्या मताचा कैवार घेणं वेगळं आणि चिथावणी देणं वेगळं. चिथावणीशी पोहोचलं तर कायद्याने हात घालावा. राग येणं हे त्या मोजपट्टीवर कुठेच नाही. मला त्या कवितेचा राग आला होता, तरी मला कोणी दगड उचलायला लावलं नव्हतं.

मोजमाप नसलं की भीती सगळ्यांना सारखीच लागते. नोव्हेंबर २०१९ मध्ये अयोध्येचा निकाल लागायचा होता, तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फक्त ॲडमिननेच मेसेज टाकायचा अशी सेटिंग झाली. "उद्या कोणी काही टाकलं तर मला आत जावं लागेल," असं आमचे सेक्रेटरी म्हणाले. टँकर कधी येणार हेही दोन दिवस जिन्यात विचारावं लागलं. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात नागपूर खंडपीठाने २०२१ साली स्पष्ट केलं की सदस्याने काही टाकलं म्हणून ॲडमिन आपोआप गुन्हेगार होत नाही. तो त्यात सामील असेल तर गोष्ट वेगळी. मी तो निकाल सेक्रेटरींना दाखवला. त्यांनी शांतपणे वाचला आणि म्हणाले, "साहेब, हे हायकोर्टात. मला आधी पोलीस ठाण्यात जावं लागेल ना?" मला उत्तर सुचलं नाही.

ठाण्यात काय होतं? फोन जमा होतो. त्याचा पंचनामा होतो, तो पाकिटात जातो, सील होतं, आणि फोन कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेच्या रांगेत लागू शकतो. त्याच फोनवर पगाराचा मेसेज येतो, बँकेचा ओटीपी येतो, मुलाच्या शाळेचं ॲप असतं, आईच्या गोळ्यांची यादी असते, आणि बायकोशी झालेली भांडणंही असतात. ज्याला कोठडीत न ठेवता नोटिशीवर घरी पाठवलं, त्याचंही अर्धं घर आत राहतं. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी प्रकरणात सांगितलं, आणि सरकारने त्यात हात घालायचा तर कायदा हवा, गरज हवी आणि प्रमाणही हवं, अशी कसोटी घालून दिली. या तिसऱ्या गोष्टीचं आपल्याला वावडं आहे.

मे २०२५ मध्ये पुण्यात एकोणीस वर्षांच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीने ऑपरेशन सिंदूरवर टीका करणारी दुसऱ्याची पोस्ट पुढे टाकली. थोड्याच वेळात तिने ती काढली, माफीही मागितली. कॉलेजने तिला काढून टाकलं, पोलिसांनी अटक केली आणि रवानगी येरवड्याला. २७ मे रोजी उच्च न्यायालयाने तिला सोडायला लावलं, परीक्षेला बसू द्या म्हणून कॉलेजलाही सांगितलं, आणि सरकार व कॉलेज दोघांनाही खडसावलं. त्या पोस्टबद्दल तुमचं मत काहीही असू द्या. चुकली, हे तिने स्वतःच मान्य केलं होतं. त्यानंतरही तुरुंग आणि शिक्षण दोन्हींवर गदा, हे गणित कोणत्या पाटीवर मांडलं होतं?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत एक सोय आहे, तिची चर्चा फारशी ऐकू येत नाही. बदनामीच्या गुन्ह्याला कैद आणि दंडाच्या जोडीने आता सामाजिक सेवेचाही पर्याय आहे. काम समाजाच्या उपयोगाचं असावं, त्याचा मोबदला मिळणार नाही, एवढं कायदा सांगतो. किती तास, किती दिवस, हे त्याने न्यायाधीशांवर सोडलं आहे.

गेल्या पावसाळ्यात लिफ्ट बंद होती म्हणून आम्ही चौघे-पाच जण तळमजल्यावर अडकलो होतो, तेव्हा मी हा विषय काढला. हीन कविता पुढे टाकणाऱ्याला सामाजिक सेवा द्यायची तर काय द्याल? तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले काका लगेच म्हणाले, खारफुटीतलं प्लास्टिक उचलायला लावा. वहिनी म्हणाल्या, नको, त्यापेक्षा महापालिकेच्या शाळेत मराठी शुद्धलेखन शिकवू दे. "तिच्याकडून? पोरं बिघडतील," काका म्हणाले. मग किती दिवस यावर गाडी आली. काकांनी महिना सांगितला. वहिनींनी दोन रविवार. सेक्रेटरी म्हणाले, पावसाळ्यात खारफुटीत उतरायचं तर एक रविवारसुद्धा जास्त होतो, तुम्ही उतरून बघा. काका पंधरा दिवसांवर आले. वहिनी तीन रविवारांच्या पुढे सरकेनात. लिफ्टवाला आला तरी त्यांचं ठरलं नव्हतं, आणि जिन्याने वर जाताना काका विचारत होते की मूळ कविता लिहिणाऱ्याला वेगळं लावायचं की यातच धरायचं.