शेवटचा नळ

आमच्या गावच्या टाकीतून पाणी सुटलं की आधी वेशीजवळच्या गल्लीला मिळतं. मग मारुतीच्या पारामागं, मग माळवाडा, मग बाजारतळ. आमच्या बौद्धवाड्यात येतं सगळ्यात शेवटी. इंजिनिअरला विचारलं तर म्हणेल, उतार तिकडं आहे, यात जातीबितीचं काही नाही. खरंय त्याचं. आम्हाला उतारावर कुणी बसवलं, तेवढं फक्त त्याच्या नकाशात नसतं.

आय १९७२च्या दुष्काळातलं सांगायची. गावच्या आडावर जायचं, मातीची घागर खाली ठेवायची आन लांब बसायचं. कुणाला दया आली तर वरून ओतणार. "दोन दोन तास बसायचो रं. घागर उन्हानं तापायची. तिच्यात पानी पडलं की मातीचा वास सुटायचा." एवढं सांगून गप व्हायची.

पुढं नळ आले. आम्हाला वाटलं, आता सुटलो. नळाला जात नसते. पण नळाला लाईन असते, आणि लाईनला शेवट असतो.

१९८८च्या पावसाळ्यात माझी धाकटी बहीण गेली. उलट्या-जुलाब. एका रात्रीत खेळ खलास. वस्तीत घराआड एक लेकरू आजारी होतं. मागून सरकारी माणूस आला, वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि गेला. गावानं आपला निकाल देऊन टाकला : यांची वस्तीच घाण. मी नववीत होतो. मलाही ते खरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी आयच्या अंगावर ओरडलो होतो, हंडा नीट का घासत नव्हतीस म्हणून. आय काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून राखेनं हंडा दोनदा घासायला लागली.

आता २०२२ सालची गोष्ट. सरकारचं जलजीवन मिशन २०१९ला सुरू झालं होतं. त्यात प्रत्येक गावातल्या पाच बायांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवायचं, असं ठरलेलं. आमच्या गावची यादी लागली तर पाचही बाया वरच्या आळीतल्या. पोरांनी ग्रामपंचायतीत ठाण मांडलं. दोन दिवस "बघू, करू" झालं, मग एक नाव खोडून माझ्या पुतणीचं नाव घातलं. बारावी झालेली पोरगी. शिकून आली आणि घरी येऊन मलाच शिकवायला लागली.

त्या किटबरोबर छोट्या बाटल्या येतात, आत औषध लावलेली कागदाची पट्टी. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं, उबेला ठेवून द्यायचं. दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर त्यात घाण मिसळली आहे असं समजायचं, माणसाच्या नाहीतर जनावराच्या पोटातली. ही साधी युक्ती १९८२ साली आपल्याच देशातल्या संशोधकांनी जगापुढं मांडली. ना प्रयोगशाळा लागते, ना साहेब.

पुतणीनं आमच्या नळाचं पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली शाईसारखी काळी.

ती ग्रामसभेत टेबलावर ठेवली. सभा हसली. एक म्हातारे कारभारी उठले, म्हणाले, "तुमचे हात लागले, तुमच्या भांड्यात भरलं. काळं व्हईल न्हाई तर काय?"

मित्रांनो, १९२७च्या २० मार्चला बाबासाहेब चवदार तळ्यात उतरले. नंतर सनातन्यांनी तळं "शुद्ध" करून घेतलं, १०८ घागरी, त्यात शेण, गोमूत्र, दही, दूध. म्हणजे आमचा हात लागला तर पाणी बाटतं, आणि शेण पडलं तर शुद्ध होतं! हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागायला १९३७ साल उजाडलं. आणि इथं २०२२मध्ये तेच शास्त्र धोतर नेसून उभं होतं. आमची पोरं उसळली. मीही शिवी तोंडात आणली होती.

पुतणी म्हणाली, "आजोबा, मग तुम्हीच भरा."

सभा गप झाली. म्हातारा आता मागं हटला असता तर हसं झालं असतं. त्यानं स्वतः टाकीजवळ एक बाटली भरली. दुसरी भरायला आमच्या वस्तीत यावं लागलं. पंचशील झेंड्याखालून तो जन्मात पहिल्यांदा आत आला असेल. दोन्ही बाटल्या भरून त्यानं आपल्याच घरात, आपल्याच देवळीत ठेवल्या. टाकीची तशीच राहिली. आमची काळी झाली. त्याच्या हातानं.

म्हणजे टाकीत घाण नव्हती, आमच्या हातातही नव्हती. घाण वाटेत होती. मग पोरीनं गल्लीवार बाटल्या भरल्या, नुसते आकडे टाकून. वेस चांगली. माळवाडा चांगला. बाजारतळ काळा. आणि बाजारतळाची बाटली काळी झाली त्या दिवशी गावाला जाग आली! तोवर आमची एकटीच काळी होती, तेव्हा तो आमचा प्रश्न होता.

माळवाडा आणि बाजारतळ यांच्या मधे लाईन सांडपाण्याच्या नालीतून जाते. रविवारी खणलं. आमची पोरं होतीच, माळवाड्याचे दोघंतिघं आले, हे कबूल केलं पाहिजे. गंजलेला लोखंडी पाइप, जोडाला बोट जाईल एवढी भेग. पाणी चालू असताना भेगेतून बाहेर गळतं, ते कुणाला दिसत नाही. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि त्याच भेगेतून नालीचं पाणी आत ओढतो. त्यात वरच्या गल्लीत लोक नळाला डायरेक्ट मोटर लावतात. ते पाणी ओढतात, खालच्या लाईनला दाबच राहत नाही, भेग आणखी नाली पिते. दुसऱ्या दिवशी ते पाणी कुणाच्या हंड्यात पहिलं पडणार?

१९८८ला त्याच जागी फुटलेलं होतं का, हे आता कोण सांगणार. पण लाईन तीच होती, नाली तीच होती.

पाइप बदलायला चार महिने लागले. फंड नाही, ठराव नाही, ठराव आहे तर सही नाही. ते सगळं लिहीत बसत नाही, तुमच्या गावातही तेच असणार. मोटरी मात्र अजून सगळ्या निघालेल्या नाहीत.

टीसीएलचं मात्र नीट सांगतो, कारण इथं आपली पोरं फसतात. "पावडर टाकली" म्हणून शिपाई सांगतो आणि आपण घरी येतो. आमच्या ग्रामपंचायतीत पोतं उघडंच टेबलाखाली पडलेलं असायचं. उघड्या पावडरीतला क्लोरीन उडून जातो, उरतो चुना. २० टक्क्यांच्या खाली क्लोरीन असला तर ती पावडर घेऊच नये. शिपाई मूठभर टाकीत भिरकावायचा, अंदाजपंचे. हजार लिटरला साधारण पाच ग्रॅम, म्हणजे पन्नास हजारांच्या टाकीला पाव किलो. ती बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत सोडायची आणि अर्धा तास थांबून मगच पाणी सोडायचं.

आणि ओटी टेस्ट टाकीखाली करायची नाही. तिथं पिवळा रंग येणारच. ती शेवटच्या नळावर करायची. नियमच आहे, शेवटच्या नळाला लिटरमागं निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. वाटेत नाली शिरली असेल तर तो क्लोरीन तिथंच खर्ची पडतो, नळी पांढरीच राहते. आमच्या नळावर पिवळं आलं तर समजायचं, वेशीपासून सगळं गाव ठीक आहे.

हे ग्रामसेवकाला सांगितलं तेव्हा तो हसला. "म्हणजे सगळ्या गावाचं पाणी तुमच्या दारात पास व्हायचं?"

पुतणी म्हणाली, "हो भाऊसाहेब. वही पण आमच्याच घरी राहील."

वही आमच्या घरी आहे. पाणी सुटलं की पोरगी नळी घेऊन नळावर जाते, रंग बघते, तारीख टाकते. रंग आला नाही की फोन. फोन उचलला नाही की वही काखेत मारून थेट ग्रामपंचायत. आता माळवाड्यातल्या बाया तिला रस्त्यात विचारतात, "आज पिवळं आलं का गं?" तो म्हातारा विचारत नाही. पण त्याची सून विचारते.

खणून काढलेला पाइपचा तुकडा मी घरी आणला होता. आयला दाखवला. तिला आता कमी दिसतं. तिनं भेगेवरून बोट फिरवलं. मी म्हणालो, "आये, हंड्याचं काय नव्हतं. मी उगं बोललो तुला."

"कवा बोललास?" ती म्हणाली.

तिला खरंच आठवत नव्हतं की मला सोडून देत होती, कळलं नाही. तेवढ्यात नळाला पाणी आलं. पोरगी नळी घेऊन धावली. आय भिंतीला धरून उठली, चुलीजवळची राख घेतली आणि हंडा घासायला बसली.