कोटाच्या खिशातलं पेन

बाबासाहेबांचं पोर्ट्रेट करताना चेहरा आधी पुरा होतो. जास्त वेळ जातो तो कोट आणि पेनावर. आमच्या नायगावच्या बीडीडी चाळीत या चित्राला बारमाही मागणी, एप्रिल आणि डिसेंबरच्या तोंडावर तर विशेष. घेणारा आधी डोळ्यांत बघतो आणि मग थेट खिशाकडे. पेनाची क्लिप नीट चमकत नसेल तर चित्र परत येतं, आणि माझ्या मते यायलाच हवं.

पोर्ट्रेटमधले कपडे आणि वस्तू माणसाची पायरी सांगतात, हे जुनंच आहे. चित्रकार हान्स होल्बाइनच्या 1533 सालच्या ‘दि अ‍ॅम्बॅसडर्स’मध्ये दोन फ्रेंच माणसं उभी आहेत, एक राजदूत आणि एक बिशप. राजदूताचं वय, 29, त्याच्या खंजिराच्या म्यानावर लिहिलंय. बिशपचं, 25, कोपराखालच्या पुस्तकाच्या कडेवर. एकाची सत्ता शस्त्रात, दुसऱ्याची ग्रंथात. त्या काळी युरोपात कोणी कुठली फर आणि कुठलं रेशीम वापरायचं याचे कायदेच होते. त्यामुळे रंगवलेली बाही बघूनही माणसाची पायरी कळायची.

आपल्याकडचे नियम याहून क्रूर. मनुस्मृतीने चांडाळाच्या वाट्याला प्रेतावरची वस्त्रं आणि लोखंडाचे दागिने दिले. 25 डिसेंबर 1927 ला महाडला ती जाळली गेली. त्याच मुक्कामात बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं की, लुगडं नेसण्याच्या आणि दागिन्यांच्या ज्या तऱ्हेवरून तुमची जात ओळखली जाते, ती सोडा. हे वाचलं तेव्हापासून कोटाची एकही घडी मला उरकून टाकता येत नाही. होल्बाइनच्या राजदूताला त्याची फर घराण्याने दिली. हा कोट आणि हे पेन त्या माणसाचं आहे, ज्याला शाळेत वेगळं बसवलं होतं.

बाबासाहेबांचे बहुतेक फोटो कृष्णधवल आहेत. कोट निळा झाला तो चित्रकारांच्या हातून आणि लोकांच्या आग्रहातून. मी सावलीसाठी अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट अंबर मिसळतो. काळा वापरला की कापड मरतं. हाच निळा पूर्वी अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या दगडातून यायचा. 1485 साली फ्लॉरेन्सच्या चित्रकार गिर्लांदायोकडून करारातच लिहून घेतलं होतं की निळा औंसाला चार फ्लोरिनच्या आसपासचा हवा. पुढे 1820 च्या दशकात फ्रान्समध्ये तो कारखान्यात बनवता आला, म्हणून आज त्याची ट्यूब माझ्यासारख्याच्या आवाक्यात आहे. या रंगाचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

चाळीतली दुसरी मागणी गेलेल्या आजोबांच्या चित्राची. आजोबा गिरणीत, फोटो एकच, सदऱ्यातला. नातवंडं म्हणतात, “काका, त्यांना कोट घाला, हातात पुस्तक द्या.” शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाच्या हातात पुस्तक देणं काहींना खोटेपणा वाटतो. मला तसं मुळीच वाटत नाही. गिर्लांदायोने 1488 साली गेलेल्या जोव्हान्ना तोर्नाबुओनीच्या चित्रात प्रार्थनेचं पुस्तक आणि दागिना मांडला. घरच्यांना ती कशी आठवायची होती, ते त्यात आलं. इथलं पुस्तक तर आजोबांच्या पगारावरच घरात आलेलं असतं.

कोट मी चढवतो, पुस्तकही देतो. बोटं मात्र आजोबांचीच राहतात, जाड आणि सांध्यांवर सुजलेली. ती बारीक करा असं कुणी म्हणालं, तर ते काम मी घेत नाही.