लिली नावाचा घोळ

जुन्नर-आंबेगावातील कोणत्याही गावी परसात डोकावावे, तर पहिल्या पावसाबरोबर उगवणारी ठेंगणी पांढरी फुले म्हणजे लिली, कोळ्याच्या पायांसारख्या लांब पाकळ्यांचे फूलही लिली, आणि कुंडीतल्या गर्द पानांतून वर येणारी पीस लिली तर नावानेच लिली. वनस्पतिशास्त्र यांतील एकीलाही खरी लिली मानत नाही. भाषेच्या अध्यापकांना असे सैल नामकरण एरवी लोभस वाटते. घरात मांजर असेल तर मात्र ते जिवावर बेतू शकते. (जुन्नर म्हटले की मार्जारकुळातला फक्त बिबट्याच लोकांना आठवतो, उंबऱ्यातल्या मांजराची चिंता कोण वाहणार!)

खरी लिली, म्हणजे लिलियम, आमच्याकडे मातीतून कमी आणि सत्कारातून अधिक येते. पुष्पगुच्छाच्या मध्यभागी असलेली कर्ण्याच्या आकाराची, तपकिरी-केशरी परागांनी ओथंबलेली मोठी फुले ती हीच. आमच्या एका सहकाऱ्यांना निरोपसमारंभात असा गुच्छ मिळाला. त्यांची मांजरी त्याच्याखाली निजली, पराग अंगावर झडले आणि तिने ते चाटून अंग स्वच्छ केले. संध्याकाळी उलट्या झाल्या, रात्री थांबल्या. घरच्यांना हायसे वाटले. ही उसंतच फसवी. एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे निकामी होतात, आणि तसेच झाले. पाने, पाकळ्या, पराग, इतकेच काय, फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजराला घातक ठरते. त्यातले नेमके विषद्रव्य अजून ओळखता आलेले नाही. कुत्र्याच्या मूत्रपिंडांवर ते असा घाला घालत नाही, हे आणखी एक कोडे.

त्यावर उतारा असा नाही. परंतु पहिल्या १८ तासांच्या आत शिरेतून सलाईन सुरू झाले, तर मांजर वाचण्याची आशा बरीच असते. ग्रामीण भागातील पशुवैद्यकांचा दिवस गाई-म्हशींत जातो. त्यांना फोनवर 'लिली खाल्ली' एवढेच सांगितले, तर त्यांच्या डोळ्यांपुढे परसातली लिली उभी राहणार. म्हणून फुलाची काडी पिशवीत घालून सोबत न्यावी हे बरे.

कारण परसातल्या लिलींचा स्वभाव निराळा आहे. पावसाळी लिलीचा कंद चावल्यास उलट्या होतात. मूत्रपिंडांना ती धक्का लावत नाही. पीस लिली अळूच्या कुळातली: कच्च्या अळूने घसा खाजतो, तेच सुईसारखे स्फटिक हिच्यातही असतात. मांजराची लाळ गळते, तोंड पोळते, इतकेच. उलट, नारिंगी फुलांची डे लिली शास्त्राने लिलीच्या कुळाबाहेर ठेवली असली, तरी मांजराला ती खऱ्या लिलीइतकीच मारक आहे. आणि गौरीगणपतीच्या सुमारास कुंपणावर ज्वाळेसारखी फुलणारी आपली कळलावी! मराठी नावात लिलीचा मागमूस नाही, इंग्रजीत मात्र ती ग्लोरी लिली. तिच्यात कोल्चिसिन असते. ते माणसालाही सोडत नाही. प्रसूतीच्या कळांवरून नाव ठेवणाऱ्यांना तिची धग पुरती ठाऊक असावी.

या धास्तीपोटी त्या सहकाऱ्यांनी गुलछडीही उपटून टाकली. गुलछडी बिचारी निरुपद्रवी. मोगरा, जास्वंद, गुलाब हेही तसेच. दारची कण्हेर मात्र तशीच डोलते आहे, आणि ती थेट हृदयावर घाव घालते. तिच्याविषयी आम्ही त्यांना कालच सांगितले.