गटप्रमुखाची यादी

मी मालेगावला एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. विज्ञान हा माझा विषय. त्याशिवाय आणखी एक काम माझ्याकडे असते. दरवर्षी आम्ही नववीच्या वर्गाचे सहा गट पाडतो. प्रत्येक गटाला एक प्रमुख असतो. प्रकल्प कसा आखावा आणि तो सर्वांना बरोबर घेऊन कसा पार पाडावा, हे या सहा मुलांना मी शिकवतो. त्याची परीक्षा नसते आणि गुणही नसतात. पण मला हे काम फार आवडते.

‘प्रकल्प’ हा शब्द मुलांना पहिल्या दिवशी जड वाटतो. मी त्यांना म्हणतो, “अरे, उर्दूत आपण ‘मन्सूबा’ म्हणतो ना, तोच हा! मराठीतही ‘मनसुबा’ हा शब्द आहे. मनात केलेला बेत म्हणजे मनसुबा. तो मनातून कागदावर आणि कागदावरून हातांत उतरला, की त्याचा प्रकल्प होतो.” हे ऐकले, की मुलांची भीती निम्मी कमी होते.

ही पद्धत काही नवी नाही. अमेरिकेतील विल्यम किलपॅट्रिक या शिक्षणतज्ज्ञांनी १९१८ साली प्रकल्प पद्धतीवर एक निबंध लिहिला. बी. एड्. करताना आम्ही त्याविषयी शिकलो. आपल्या देशात १९३७ साली वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते जामिया मिल्लिया इस्लामियाचे डॉ. झाकिर हुसेन. मुलांनी नुसते पुस्तक वाचून नव्हे, तर हाताने काम करता करता शिकावे, अशी योजना या समितीने मांडली. हेच झाकिर हुसेन पुढे १९६७ साली भारताचे राष्ट्रपती झाले.

गटप्रमुखांना मी प्रथम चार प्रश्न शिकवतो : काय करायचे? कोणी करायचे? केव्हापर्यंत करायचे? कशाने करायचे? या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहिली, की योजना तयार झाली. तारखा मात्र शेवटाकडून मागे मोजायच्या. प्रदर्शन २६ जानेवारीला असेल, तर तक्ते २२ तारखेला तयार हवेत आणि त्यांसाठी लागणारी माहिती १५ तारखेला हाती हवी. मधले दोन-तीन दिवस मोकळे ठेवायचे, कारण आजारपण आणि अडचणी तारीख सांगून येत नाहीत. आणखी एक नियम आहे. गटाच्या सभेत प्रमुखाने सर्वांत शेवटी बोलायचे. तो आधी बोलला, की बाकीचे माना डोलावतात आणि गप्प बसतात.

हे नियम सांगायला सोपे आहेत, पण पाळायला कठीण. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो.

त्या वर्षी एका गटाने ‘शाळेत वाया जाणारे पाणी’ हा विषय घेतला होता. गटात सात मुले होती. गटप्रमुख वर्गात पहिला येणारा मुलगा. अक्षर मोत्यासारखे, पाठांतर चोख. त्याने मला आपली यादी दाखवली. नळ मोजणे, पाणी मोजणे, हिशेब, तक्ते, भाषण या सर्व कामांपुढे त्याचेच नाव होते. पाच मुलांच्या नावांपुढे फक्त ‘मदत’ असे लिहिले होते आणि सातव्या मुलाचे नावच नव्हते.

मी त्या मुलाविषयी विचारले. गटप्रमुख म्हणाला, “सर, तो तर वर्गात झोपतो. त्याच्याकडून काय होणार?”

त्या मुलाच्या घरी यंत्रमाग होते. संध्याकाळी तो वडिलांना मदत करायचा, कांड्या भरायचा. झोपायला उशीर व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याचे डोळे मिटायचे. मुले त्याला आळशी समजत.

मी म्हणालो, “बेटा, ‘यादी’ या शब्दात कोणता शब्द लपला आहे?”

“याद,” तो म्हणाला.

“मग ज्याचे नाव यादीत नाही, त्याचे काय झाले?”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने खाली सातवे नाव लिहिले. त्यापुढे काम मात्र लिहिले नाही.

दुसऱ्याच दिवशी गटप्रमुखाला ताप आला. चार दिवस तो शाळेत आला नाही. प्रकल्पाची वही त्याच्या घरी होती. गटाच्या सभेत मी विचारले, “काम कुठवर आले?” मुले एकमेकांकडे पाहू लागली. कोणालाच काही माहीत नव्हते. तेवढ्यात मागून आवाज आला, “सर, सात नळ गळतात.”

बोलणारा तोच मुलगा होता. “मला झोप येते, म्हणून मी मधल्या सुट्टीत तोंड धुवायला जातो. सगळे नळ मला माहीत आहेत. त्यांचे वायसर झिजले आहेत. पाना मिळाला तर बदलता येतील.”

त्या दिवसापासून काम सुरू झाले. मुलांनी प्रत्येक गळक्या नळाखाली एक तास बाटली ठेवली आणि पाणी मोजले. सातही नळांचे मिळून तासाला ३ लिटर पाणी भरले. म्हणजे दिवसाला ७२ लिटर! १५ लिटरचा एक हंडा धरला, तर रोज जवळजवळ पाच हंडे पाणी गटारात जात होते.

गटप्रमुख परत आला आणि त्याने हे आकडे पाहिले. त्याचा चेहरा उतरला. “सर, आता माझे काम काय?” त्याने विचारले.

मी म्हणालो, “सर्वांत मोठे काम तुझेच आहे. ‘जबाबदारी’ या शब्दात ‘जवाब’ आहे. गटाच्या कामाचा जवाब तू द्यायचा. त्यासाठी प्रत्येक काम तूच करायला हवे असे नाही. कोणाचे काम कुठवर आले आणि कोणाचे कुठे अडले, हे मात्र तुला माहीत हवे.”

त्या रात्री त्याने नवी यादी केली. एक काम, एक नाव, एक तारीख. ती वर्गाच्या भिंतीवर लावली. आता वही कोणाच्या घरी राहिली, तरी काम थांबणार नव्हते. स्वतःकडे त्याने फक्त हिशेब ठेवला.

मुख्याध्यापकांनी आकडे पाहून लगेच नवे वायसर आणवले. शुक्रवारी मालेगावात माग बंद असतात. म्हणून त्या मुलाला सवड होती. शाळेच्या शिपायांनी टाकीचा कॉक बंद केला आणि त्यांच्या देखरेखीखाली त्याने एकेक वायसर बदलला. पाच नळ थांबले. दोन नळांची तोटीच खराब होती, ते गळतच राहिले. मुलांनी तक्त्यावर तेही प्रामाणिकपणे लिहिले.

प्रदर्शनात एका पालकांनी विचारले, “दोन नळ अजून का गळतात?” उत्तर द्यायला गटप्रमुख स्वतः पुढे झाला. दुसऱ्यांनी विचारले, “पाच नळ कोणी दुरुस्त केले?” तेव्हा तो बाजूला सरला आणि त्या मुलाचा हात धरून त्याने त्याला पुढे आणले. त्या दिवशी मला वाटले, हा मुलगा आता खरा गटप्रमुख झाला.

तो दुसरा मुलगा त्यानंतरही कधी कधी वर्गात पेंगायचा. घरचे काम काही संपले नव्हते. पण आता त्याला कोणी हसत नसे. शेजारचा मुलगा हळूच हलवून त्याला जागे करी आणि राहिलेले टिपण लिहून देई.

मुलांनो, उद्या तुमच्यावरही सहल, हस्तलिखित किंवा स्नेहसंमेलन यांची जबाबदारी येईल. तेव्हा कामांची यादी जरूर करा. ती पूर्ण झाली, की वर्गाच्या हजेरीपटाशी ताडून पाहा. हजेरीपटात आहे आणि यादीत नाही, असे एखादे नाव सापडले, तर त्या मुलाजवळ जाऊन बसा आणि त्याला काय येते, ते विचारा.