आईला पाहिलंत का?

जुन्नरच्या गुरांच्या दवाखान्यात लोखंडी टेबलावर पिल्लू ठेवलं, तेव्हा डॉक्टरांनी आधी त्याचं तोंड उघडून दात पाहिले.

"किती दिवसांचं म्हणून दिलंय?"

"दोन महिन्यांचं."

"सव्वा महिन्याचं असेल फार तर. याच्या आईला पाहिलंत का?"

नव्हतं पाहिलं. पुण्यातल्या एका विक्रेत्याने मोबाईलवर फोटो पाठवले होते. मी बारा हजार रुपये पाठवले आणि हायवेवरच्या एका हॉटेलसमोर मोटारसायकलवरून आलेल्या पोराने बुटाच्या खोक्यातून पिल्लू हातात दिलं. पांढरंशुभ्र, लोकरीच्या गुंड्यासारखं. सोबत लसीकरणाचं कार्ड होतं. त्यावर शिक्का होता, सही होती, तारीख होती. डॉक्टरांनी ते कार्ड उलटसुलट करून पाहिलं. लसीच्या बाटलीवरचं जे लेबल कार्डावर चिकटवतात, ते कुठेच नव्हतं.

पार्व्हो झाला होता. तीन दिवस सलाईन दिलं, चौथ्या दिवशी पहाटे ते गेलं. फजरला उठलो तेव्हा मुलगी खोक्याजवळ बसलेली होती. विक्रेत्याचा फोन तोवर बंद झाला होता.

पिल्लू आणायचं कारणही सांगायला हवं, कारण "गावात कुत्री कमी आहेत का?" हा प्रश्न मला मोहल्ल्यात प्रत्येकाने विचारला आणि तो चुकीचा नव्हता. माझ्या मुलीला सातव्या वर्षी शाळेच्या वाटेवर कुत्रं चावलं. इंजेक्शनं झाली, जखम भरली, पण भीती राहिली. रस्त्यात कुत्रं दिसलं की ती माझ्यामागे लपायची. फक्त मंचरला, माझ्या बहिणीच्या शेजाऱ्यांकडे एक म्हातारा स्पिट्झ होता, त्याच्याजवळ ती जायची. आधी लांबून, मग हात लावून, मग तासन्‌तास त्याच्याशी बोलत बसायची. तसाच एक लहान कुत्रा आपल्याकडे असावा, एवढंच तिचं मागणं होतं.

अम्मींचा विरोध होता. "घर में कुत्ता रहा तो फरिश्ते नै आते," हे त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या. त्यांना खोडून काढायची माझी इच्छाही नव्हती आणि तेवढा अभ्यासही नाही. शिकारीसाठी, जनावरांच्या राखणीसाठी, शेतासाठी कुत्रा पाळायची मुभा हदीसमध्ये आहे. आपल्या शिवारातले मुस्लिम शेतकरीही कुत्री पाळतातच. लेकीच्या हौसेचा कुत्रा या तिन्हींत नीट बसत नव्हता, हे मला कबूल करावं लागलं. कुत्र्याची किंमत घेण्यालाही हदीसमध्ये मनाई आली आहे. हनफी फिकहात उपयोगी कुत्र्याच्या खरेदी-विक्रीला जागा आहे, शाफई ती मानत नाहीत. मी तेव्हा या सगळ्यातून सोयीचं तेवढं उचललं आणि पैसे पाठवून मोकळा झालो.

पिल्लू पुरून आल्यावर मुलगी म्हणाली, "त्याची आई त्याला शोधत असेल का?"

डॉक्टरांचा आणि तिचा प्रश्न एकच होता. माझे बारा हजार गेले याचं दुःख ओसरलं, पण ती आई डोक्यातून जाईना. कुठल्या तरी पत्र्याच्या शेडमध्ये, पिंजऱ्यात ती असणार. पाचव्या आठवड्यात पिल्लं ओढून घेतली की ती पुढच्या वेताला लवकर मोकळी. मी दिलेला पैसा तिच्या पुढच्या वेताचा विसार होता. तहानलेल्या कुत्र्याला आपल्या पायातल्या मोज्यातून विहिरीचं पाणी पाजणाऱ्या माणसाला अल्लाहने माफ केलं, हा किस्सा आपण मुलांना कौतुकाने सांगतो. त्या किश्शाच्या शेजारी माझा व्यवहार ठेवून पाहिला आणि मला शरम वाटली.

मग मी वाचायला लागलो. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी केंद्र सरकारचे 2017 सालचे नियम आहेत, प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याखालचे. ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलीच पाहिजे. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. कुत्री दीड वर्षाची होईपर्यंत आणि आठ वर्षांनंतर तिच्याकडून वेत घ्यायचं नाही, आणि आयुष्यात पाचांहून जास्त वेतं घ्यायची नाहीत. म्हणजे पहिल्याच फोनला मी नोंदणी क्रमांक मागितला असता, तर बहुधा तिथेच संभाषण संपलं असतं.

विक्रेत्यांची भाषाही कळू लागली. "डबल कोट", "टीकप", "शो क्वालिटी", "पेपरवाला". यातला पेपर म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचं नोंदणीपत्र. त्यावरून वंशावळ कळते, तब्येत कळत नाही. आपल्याकडे ज्याला सर्रास पोमेरेनियन म्हणतात तो पुष्कळदा इंडियन स्पिट्झ असतो, आणि विकणाऱ्यालाही हा फरक सांगता येत नाही. 2003 मध्ये हचच्या जाहिरातीत एका मुलामागे फिरणारा पग आला आणि देशभर पगची मागणी वाढली. त्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला आपल्या उन्हाळ्यात धड श्वास घेता येत नाही, हे जाहिरातीत कुठे दिसणार? लहान जातींत गुडघ्याची वाटी सरकते, श्वासनलिका दबते, दात लवकर पडतात. ही दुखणी आईबापाकडूनही येतात. म्हणून आई पाहायची आणि जमलं तर बापही. ती चालते कशी, श्वास कसा घेते, माणसाला पाहून शेपूट हलवते की कोपऱ्यात दबते, हे पाहायचं. आई दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून उठून यायचं.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "विकणाऱ्याला विचारू नका, त्याच्या कुत्र्यांवर उपचार करणाऱ्याला विचारा." त्यांच्या ओळखीच्या पुण्याच्या एका पशुवैद्यांनी चाकणजवळच्या एका बाईंचा नंबर दिला. पिल्लं आत्ता नाहीत, पुढच्या वेताला अजून काही महिने आहेत, हे त्यांनी फोनवरच सांगितलं. तरी येऊन बघून जा म्हणाल्या.

आम्ही गेलो. दोनच कुत्र्या होत्या, घरातच वावरणाऱ्या. एक सोफ्यावर झोपली होती. तिची तीन वेतं झाली होती आणि आता ऑपरेशन करून टाकलं होतं. "ती कुठे जाणार? इथंच म्हातारी होणार," ताई म्हणाल्या. मी प्रश्नांची यादी नेली होती. ती खिशातच राहिली, कारण प्रश्न त्याच विचारत होत्या. घरात कोण कोण असतं? दिवसा कुत्र्याजवळ कोण? याआधीचं पिल्लू कशाने गेलं? पार्व्होचे जंतू जागेत कित्येक महिने टिकतात, फरशी ब्लीचने धुतली का? भांडी, अंथरूण टाकून दिलं का?

मग म्हणाल्या, "तुमच्या घरात कुत्रं चालतं का?"

मी क्षणभर गप्प झालो. पुण्यात भाड्याची खोली शोधताना आडनाव ऐकून बदललेले आवाज मला ठाऊक आहेत. वाटलं, हाही तसलाच प्रश्न. माझा चेहरा त्यांना कळला असावा. "सगळ्यांनाच विचारते," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी एका घरातल्या आजीला सोवळं होतं. पिल्लू तीन महिन्यांत परत आलं. घरातलं एक जरी माणूस नाराज असलं तरी त्रास कुत्र्याला होतो." मी खरं ते सांगितलं, की अम्मींना चालत नाही. "मग आधी त्यांच्याशी बोला," त्या म्हणाल्या. मला राग यायला हवा होता, पण सुटल्यासारखं वाटलं. पिल्लाच्या भल्यासाठी गिऱ्हाईक सोडायला तयार असलेला माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता.

शेवटचा प्रश्न, रात्री कुठे झोपणार? अंगणात म्हटल्यावर त्यांनी सरळ मान हलवली. "जुन्नर ना? बिबट्याचा मुलूख." खरंच होतं. आमच्याकडे उसातला बिबट्या पडवीतून कुत्रं उचलतो, हे काही नवं नाही. शेजारच्या अकोले तालुक्यातल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला होता. वस्तीवरचे लोक कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात. अडीच-तीन किलोच्या जिवाला पट्ट्याचा काय उपयोग?

घरी येऊन अम्मींशी बोललो. या वेळी मसले सांगितले नाहीत, त्या दोन कुत्र्यांबद्दल सांगितलं आणि पहिल्या पिल्लाच्या आईबद्दलही. अम्मी बराच वेळ तसबीह फिरवत राहिल्या. मग त्यांनी अटी घातल्या. नमाजच्या खोलीत नाही, स्वयंपाकघरात नाही, भांडी वेगळी, आणि चाटलं तर सात वेळा धुवायचं. आम्ही मागच्या पडवीला जाळी आणि दार बसवलं. सात महिने वाट पाहिली.

पिल्लू आणलं तेव्हा ते नऊ आठवड्यांचं होतं. कार्डावर लसीचं लेबल होतं, जंताच्या औषधाच्या तारखा होत्या. पुढच्या लसी दर तीन-चार आठवड्यांनी, पुरत्या होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडायचं नाही, असं बजावलं होतं. एका कागदावर माझी सही घेतली होती, की कधी सांभाळणं झालं नाही तर रस्त्यावर सोडायचं नाही, कुणाला विकायचं नाही, ताईंकडेच परत आणायचं. निघताना पिल्लाच्या आईने आमच्या मुलीचा हात हुंगला.

अम्मी अजूनही त्याला हात लावत नाहीत, आणि मीही आग्रह करत नाही. पण मगरिबनंतर अंधार पडला की आतून त्यांचा आवाज येतो, "पडवी का दरवाजा लगाया क्या?"