भार कोणावर ठेवावा?

संस्कृतातील ‘भृ’ या एकाच धातूपासून भार, भर्ता, भार्या आणि भृत्य हे शब्द सिद्ध झाले आहेत, हे आम्ही शाळेत वर्षानुवर्षे सांगत आलो. गृहस्थाश्रमात प्रत्येकाने कोणाचा ना कोणाचा भार वाहावयाचा असतो, असा त्यातून बोधही काढीत असू. परंतु काही भार असे असतात की ते माणसाने अंगावर घेऊच नयेत. गेल्या वैशाखात घरच्या मोटारीचा गिअरबॉक्स अंगणात उतरविण्याचा प्रसंग आला, त्या निमित्ताने हा विचार वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

ही मोटार म्हणजे आमच्या वडिलांनी १९७२ साली घेतलेली अँबॅसडर. इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून ही गाडी बेतलेली होती. बंगालमध्ये उत्तरपाडा येथील कारखान्यात तिचे उत्पादन १९५७ पासून २०१४ पर्यंत चालले. आमच्या गाडीचा गिअरचा दांडा अद्याप स्टिअरिंगच्या नळीलाच आहे. वडिलांच्या मागे ती आमच्या ज्येष्ठ बंधूंनी सांभाळली. बंधू निवर्तल्यावर तिची किल्ली त्यांच्या एकुलत्या एका चिरंजीवांकडे आली. पुण्यास नोकरी करणारा हा आमचा पुतण्या सुटीस घरी आला की आधी देवाला आणि मग गाडीला नमस्कार करतो.

यंदा खंबाटकीच्या घाटात इंजिन गर्जत राही आणि गाडी मात्र पुढे सरेना. क्लचची तबकडी झिजली होती. ही तबकडी इंजिनाच्या जड चाकाला आपल्या घर्षणाने धरून ठेवते आणि त्याची शक्ती गिअरबॉक्सकडे पोहोचविते. तिच्यावरचे अस्तर गेले की पकड सुटते. वस्तू हातभर रुंदीचीही नाही. परंतु तिच्यापर्यंत पोहोचावयाचे तर तिच्यामागचा सबंध गिअरबॉक्स उतरविल्यावाचून गत्यंतर नाही. गावातील ज्या मेस्त्रींना या गाडीची नाडी कळत असे, त्यांचे हात आता थकले होते. तेव्हा पुतण्याने काम घरीच करण्याचे ठरविले.

त्याने पूर्वी मेस्त्रींना पाहिले होते. ते गाडीखाली उताणे निजून गिअरबॉक्स छातीवर झेलीत आणि हळूच बाजूस सरकवीत. “काका, मीही तसेच करीन,” तो म्हणाला. हे माजघरात ऐकू गेले. वहिनी बाहेर आल्या आणि इतकेच म्हणाल्या, “भाऊजी, गाडी भंगारात गेली तरी चालेल, याला तिच्याखाली जाऊ देऊ नका.”

दोघांचेही म्हणणे आम्हांस समजत होते. मुलाच्या दृष्टीने ती वडिलांची गाडी होती आणि आईच्या दृष्टीने तो वडिलांमागे राहिलेला मुलगा होता. आम्ही दोघांस समोर बसवून तीन अटी कागदावर लिहिल्या. पहिली अट अशी की जॅकचे काम उचलण्याचे आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. म्हणून गाडी चार भक्कम लोखंडी स्टँडांवर बसल्याखेरीज कोणी खाली जावयाचे नाही. दुसरी अट अशी की खाली जाण्यापूर्वी गाडीस खांद्याने जोराचा धक्का द्यावयाचा. ती डळमळली तर काम तेथेच थांबवावयाचे. तिसरी अट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. गिअरबॉक्स पडू लागला तर त्यास पडू द्यावयाचे, हात पुढे करावयाचा नाही. वस्तू निसटली की झेलणे हा मनुष्याचा स्वभाव आहे, म्हणून हे आधीच मनात पक्के करावे लागते. पुतण्याने आईच्या हातावर हात ठेवून तसे वचन दिले.

अंगणातील फरसबंदीची सपाट जागा निवडली. स्टँडांखेरीज मधोमध जाड लाकडी ठोकळे रचले. मग वहिनींनी पदर खोचला आणि स्वतःच गाडीस खांदा लावून धक्का दिला. गाडी हलली नाही. “जा आता,” त्या म्हणाल्या.

पुढील काम क्रमाने झाले. स्टार्टर काढावयाचा असल्याने बॅटरीची तार प्रथम सोडली. गिअरबॉक्समधील तेल काढून घेतले. मागील चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट सोडण्यापूर्वी जोडाच्या दोन्ही भागांवर रंगाची खूण केली, म्हणजे तो पुन्हा होता तसाच बसावा. स्पीडोमीटरची तार, क्लचची जोडणी आणि गिअरच्या दांड्याच्या सळया सोडविल्या. निघालेला प्रत्येक बोल्ट लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत चिठ्ठीसह ठेवण्याचे काम आमच्याकडे होते. गिअरबॉक्सखालचा आडवा आधार काढला की इंजिनाची मागची बाजू खाली झुकते. त्यासाठी इंजिनाखाली फळी ठेवून निराळा जॅक लावला.

गिअरबॉक्स दोघांनी धरावा इतका जड असतो. त्याखाली चाकांचा जॅक घेतला, त्यावर कडा असलेली फळी ठेवली आणि गिअरबॉक्स तिला रुंद पट्ट्याने आवळून बांधला. तो सरळ रेषेत मागे ओढावा लागतो, कारण त्याचा पुढचा दांडा तबकडीच्या मध्यात शिरलेला असतो. त्या दांड्यावर सगळे वजन लोंबकळू दिले तर तबकडीचा मध्य वाकतो. शेवटचा बोल्ट निघाल्यावरही गिअरबॉक्स हलेना. पुतण्या बाजूस राहून पहारीने तो अलगद सैल करू लागला, तोच गिअरबॉक्स एकाएकी मागे आला आणि एका अंगास कलला. आम्ही विजेरी धरून होतो. पुतण्याचे दोन्ही हात पुढे गेलेले आम्ही पाहिले आणि दुसऱ्याच क्षणी ते मागे आलेलेही पाहिले. पट्टा ताणला गेला, फळी करकरली आणि गिअरबॉक्स जागीच राहिला. त्याखाली कोणाची छाती नव्हती.

जुनी तबकडी हातात घेतली तेव्हा अस्तर झिजून रिबेटी उघड्या पडलेल्या होत्या. नवी तबकडी बसवून दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स त्याच जॅकवरून वर चढविला. त्याही वेळी वहिनींनी धक्का देऊन पाहिला, हे सांगावयास नकोच.

ज्या घरांत अशा जुन्या गाड्या मायेने जपल्या जातात, तेथे तरुणांना या कामापासून परावृत्त करावे असे आम्ही म्हणणार नाही. वडिलांच्या वस्तूंची दुरुस्ती मुलांनी स्वतःच्या हाताने करावी यात मोठे समाधान आहे. मात्र घरातील वडीलधाऱ्यांनी नुसते ‘जपून कर’ म्हणून आत जाऊ नये. अंगणात उभे राहावे, विजेरी धरावी, बोल्ट मोजावेत आणि लोखंडाचा भार लोखंडावर व लाकडावर पडला आहे ना, हे स्वतः धक्का देऊन पाहावे. लोखंड मोडले तर बाजारात दुसरे मिळते.